जुन्या कार्ब एस्टीमला स्वस्तातला रेव्ह लिमिटर कुठला घालू?

घोडबंदर_एस्टीम:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९६ ची कार्ब (कार्ब्युरेटरवाली) मारुती एस्टीम आहे, रोडवरून काढून आता फक्त ट्रॅकसाठी ठेवलीय, आतलं सगळं उतरवलंय, केज आणि बकेट सीट बसलंय. इंजिन तेच १२९८ सीसी आठ व्हॉल्व्हवालं, कॅम थोडा गरम (वरच्या आरपीएमला जास्त पॉवर देणारा), हेड फेस करून घेतलंय, व्हॉल्व्ह स्प्रिंगा नवीन, पण कनेक्टिंग रॉड आणि रॉडचे बोल्ट कंपनीचेच आहेत. डिस्ट्रिब्युटर इलेक्ट्रॉनिक आहे, पॉइंट नाहीत, एकच कॉइल. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हा प्रकारच नसल्यामुळे ठरलेल्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) स्पार्क तोडून कट मारणारं, म्हणजे रेव्ह लिमिटरचं काम करणारं, कोणीच नाही, पाय दाबून ठेवला की इंजिन आपलं चढतच जातं. चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची म्हणजे ठाण्याहून टो करत तेराशे किलोमीटर जायचं, आणि तिथं दुसऱ्यातून तिसरा टाकताना गिअर न्यूट्रलला राहिला आणि पाय खाली असला तर खेळ खल्लास, म्हणून लिमिटर बसवूनच न्यायचीय. बजेट पंधरा हजार, फारतर वीस. वागळे इस्टेटमधले माझे मेकॅनिक म्हणतात एमएसडी ६एएल (लिमिटर असलेला इग्निशनचा डबा) घे आणि मोकळा हो. एक मित्र म्हणतो स्पीडुइनो (घरी जुळवायचा ईसीयू) बनवू. शिवाय ऑनलाइन बिननावाचे डबे दोन-अडीच हजारात दिसतायत. काय करू? कट ७५०० ला ठेवायचा विचार आहे.

तुर्भे_गॅरेज:
डबा कुठला ते नंतर बघू, हा ७५०० चा आकडा आला कुठून ते आधी सांग. रॉडचे बोल्ट जुने आहेत म्हणतोस ना, मग आकडा त्यांना विचारून ठरवायचा. या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे, म्हणजे ७५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १९ मीटर होतो, ६५०० ला तोच साडेसोळाच्या आत असतो. वेग बघून वाटतं थोडंसंच वाढलं, पण बोल्टवर येणारी ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, ६५०० वरून ७५०० ला गेलास की तीच ओढ एक तृतीयांशाने जास्त. आणि सगळ्यात वाईट क्षण कुठला, तर एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना पिस्टन वर पोचतो तेव्हा, कारण त्या वेळी पिस्टनला वरून दाबून धरायला जळलेल्या गॅसचं प्रेशर नसतं, पिस्टनचं सगळं वजन बोल्टच ओढून धरतो. पॉवर स्ट्रोकला रॉड वाकेल, पण बोल्ट तुटतो तो इथं. असे रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर आलेले मी उचललेत, त्यानंतर इंजिनात घेण्यासारखं फार काही उरत नाही.

स्टॉक बोल्टवर मी ६८०० च्या वर जाऊ देणार नाही. तुझ्या कॅमला पॉवर कुठं पडायला लागते ते डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) बघ, गिअर बदलायचा आकडा त्यावरून ठरव आणि कट त्याच्या दोन-तीनशे वर ठेव. पॉवर पडल्यावर वर ओढत राहून लॅप टाइम काही कमी होत नाही. बोल्ट बदललेस तर पुढचं बोलू, आणि खरं सांगू का, वीस हजारातले काही त्या बोल्टवर घाल.

ऐरोली_वायरिंग:
तुर्भेच्या काकांशी सहमत. आता डब्याचं बोलतो.

तुझं इग्निशन साधं इंडक्टिव्ह आहे, म्हणजे इग्नायटर कॉइलची निगेटिव्ह बाजू जोडतो-तोडतो आणि त्या तोडण्यावर स्पार्क पडतो. अशा सिंगल कॉइल सेटअपसाठी वेगळे, फक्त लिमिटर म्हणून बनलेले छोटे डबे मिळतात, इंग्लंडमधल्या ओमेक्सचा क्लबमन आहे, मायक्रो डायनॅमिक्सचे आहेत, तिकडच्या जुन्या क्लब रेसिंगच्या गाड्यांत हेच चालतात. स्पार्क मोजतात आणि आकडा ओलांडला की स्पार्क खातात, बाकी तुझ्या इग्निशनला हात लावत नाहीत. तुझ्या कामाला हेच पुरेसं आहे.

६एएल चांगलं आहे यात वाद नाही, पण ती अख्खी सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज कॉइलला देणारी) इग्निशन आहे, लिमिटर तिच्यात फुकट येतो असं समज. डॉलरमध्येच अडीचशेच्या वर, त्यावर शिपिंग आणि कस्टम्स, म्हणजे तुझं बजेट गेलं. शिवाय सीडीआय कॉइलला काहीशे व्होल्ट देतं, त्यामुळे आरपीएम मीटर कॉइलच्या निगेटिव्हवरून चालवत असशील तर ती वायर तिथून काढून डब्याच्या टॅको (आरपीएम मीटरच्या) आउटपुटला न्यावी लागेल, नाहीतर मीटर जाईल. आणखी एक, ६एएल येतं तेच आठ सिलिंडरवर सेट होऊन. आपल्या चार सिलिंडरला क्रँकच्या एका फेरीत दोन स्पार्क पडतात, आठला चार. चार सिलिंडरसाठीची वायरची लूप न कापता ७००० लावलंस तर तो डबा खऱ्या १४००० ला कट मारेल, म्हणजे कधीच नाही. सेकंडहँड घेतलंस तर हे आधी बघ.

बिननावाच्या डब्यांना माझा सरळ नकार. ७००० ला सेकंदाला २३३ स्पार्क पडतात, तेवढ्यात बरोबर मोजायचं आणि बरोबर सोडायचं. ज्याच्यावर कुठल्या इग्निशनसाठी आहे हेसुद्धा लिहिलेलं नाही त्याच्या भरवशावर इंजिन सोडायचं का? आणि कोणी रिले लावून कॉइलचा प्लस तोडायचा जुगाड सुचवेल, तो तर अजिबात नको, रिले उशिरा सुटतो, उशिरा धरतो, आणि चिकटला तर गाडी ट्रॅकच्या मधोमध बंद.

स्पीडुइनो मला स्वतःला फार आवडतं, कार्ब ठेवून नुसतं इग्निशन त्यावर चालवता येतं आणि लिमिटर, अॅडव्हान्स (स्पार्क किती आधी पाडायचा ते) सगळं लॅपटॉपवर. पण त्याला क्रँकवर ट्रिगर व्हील (सेन्सरने वाचायचं दातेरी चाक) पाहिजे, सेन्सर पाहिजेत, अॅडव्हान्सचा मॅप बसवायला डायनोचे तास पाहिजेत. ते पावसाळ्यात घरी बसून करायचं काम आहे, रेसच्या तोंडावर नाही.

नेरूळ_नॅव्हिगेटर:
एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. लिमिटर फक्त इंजिन स्वतःहून वर चढतं तेव्हा वाचवतो, म्हणजे गिअर सुटला, क्लच घसरला, चाक हवेत फिरलं. डाउनशिफ्टला चुकीचा गिअर पडला तर क्रँकला चाकं फिरवत असतात, स्पार्क बंद करून काही उपयोग नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या रेशोत साधारण दीडपट फरक धरला तर तिसऱ्यात ६००० वर असताना दुसरा पडला की क्रँक ९००० च्या घरात, तुमचा लिमिटर ६८०० ला असो नाहीतर ५००० ला. त्यामुळे लिमिटर बसला म्हणून गिअर लिंकेजचे झिजलेले बुश तसेच ठेवू नका, जुन्या एस्टीमचा गिअर लिव्हर खिचडी ढवळल्यासारखा फिरत असेल तर पहिले पैसे तिथं.

दुसरं, शिफ्ट लाइट लावा. गिअर बदलायच्या आकड्याच्या दोनशे आधी पेटेल असा. लिमिटरवर आपटत चालवणं चांगलं नाही, कार्ब गाडीत स्पार्क कापला तरी पेट्रोल जातच राहतं, ते न जळता एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथं फुटतं. क्षणभर ठीक आहे, प्रत्येक शिफ्टला नको. लिमिटरमध्ये सॉफ्ट कटचा पर्याय असेल तर तो ठेवा, एकेक स्पार्क गाळत जातो, झटका कमी बसतो.

आणि पैसे भरायच्या आधी तुमच्या क्लासचे नियम वाचा. इग्निशन बदलायला किती मोकळीक आहे हे प्रत्येक क्लासला वेगळं असतं, तेराशे किलोमीटर जाऊन स्क्रूटिनीला (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला) डबा काढायला लावला तर काय करणार?

घोडबंदर_एस्टीम:
ताई, काका, दादा, मनापासून आभार. नियम आज रात्रीच बघतो. गिअर लिंकेज खरंच ढिलं आहे, ते काढून घेतोय. ६एएल रद्द, सिंगल कॉइलवाला लिमिटर मागवतो, आकडा ६८०० आणि बोल्टची चौकशी सुरू. आता बसवताना काय काळजी घेऊ? आणि चालतोय की नाही हे कसं तपासू, त्यासाठी ६८०० पर्यंत उभ्या गाडीत ओढायची माझी हिंमत नाही. पाम बीच रोडवर पहाटे एक चक्कर मारू का?

ऐरोली_वायरिंग:
पाम बीचवर अजिबात नाही. तिथं पहाटे लोक चालायला आणि सायकलवर असतात, आणि तुझी गाडी रोडची राहिलेलीही नाही.

उभ्या गाडीतच तपास, पण आकडा खाली आणून. इंजिन पूर्ण गरम होऊ दे, लिमिटर ३००० ला लाव, न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर हळूहळू दाब. ३००० च्या आसपास इंजिन अडखळून तिथंच फडफडायला लागलं पाहिजे. मग ४००० ला लावून परत. दोन्ही ठिकाणी बरोबर धरलं तर मोजणी बरोबर आहे, सरळ ६८०० ला लावून टाक. ३००० लावून ६००० पर्यंत चढायला लागलं तर सिलिंडरची सेटिंग चुकलीय, तिथंच पाय काढ.

वायरिंगमध्ये, डब्याचा प्लस इग्निशन स्विचनंतरचा घे, अर्थ बॉडीच्या रंगावर स्क्रू मारून घेऊ नकोस, इंजिनला किंवा बॅटरीला थेट ने. डबा कॉइलपासून आणि एक्झॉस्टपासून लांब, फायरवॉलच्या आतल्या बाजूला बसव. आणि प्लगच्या वायरी कुठल्या आहेत बघ, रेसिंगच्या म्हणून तांब्याच्या कोअरच्या घातल्या असतील तर काढ. त्यांचा इलेक्ट्रिकल नॉइज डब्यात शिरतो, तो जास्तीचे स्पार्क मोजतो आणि ४५०० लाच कट मारायला लागतो. रेझिस्टरवाले प्लग आणि कार्बन कोअरच्या वायरी घाल.

तुर्भे_गॅरेज:
त्याआधी मीटर तपास. जुने आरपीएम मीटर वरच्या बाजूला तीन-चारशेने सहज खोटं दाखवतात. आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइट असेल तर १०००, ३००० आणि ४००० ला दोन्ही शेजारी ठेवून बघ, काटा किती पुढे-मागे आहे ते टेपवर लिहून डॅशला चिकटव, शिफ्ट लाइटही त्या हिशोबाने लाव. टायमिंग लाइट नसेल तर रविवारी सकाळी गाडी ट्रेलरवर घालून तुर्भ्याला आण, माझ्याकडे आहे. येताना लिंकेजचे बुशही घेऊन ये, एकदमच बसवून टाकू.