वाड्याच्या दिंडीला कुलूप, शेताची आणि बारवेची वाट बंद. सही करावी का?

रानातली
आमचं गाव सातारा जिल्ह्यात, नाव मुद्दाम देत नाही. गावात सरदारांचा जुना वाडा आहे. तटाच्या आत मागच्या अंगाला बारव, काठावर महादेवाचं देऊळ. पूर्वेच्या दिंडीतून शिरायचं, बारवेला वळसा घालायचा, मागच्या खिंडारातून बाहेर पडलं की समोर आमचं रान. लग्न होऊन आले त्याला 26 वर्षं झाली. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन याच वाटेनं येते. नळ नव्हता तेव्हा अर्धं गाव त्या बारवेचं पाणी प्यायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिंडीला कुलूप लागलं आणि खिंडार दगडांनी बुजवलं. वारस मुंबईला असतात, वाड्यात पर्यटकांसाठी खोल्या काढणार म्हणतात. आता ओढ्याकडून फिरून जावं लागतं, पाऊण किलोमीटर जास्त. सासूबाई 78 वर्षांच्या. त्रिपुरी पौर्णिमेला बारवेवर त्यांचा दिवा लागला नाही, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

परवा वाड्याच्या व्यवस्थापकानं कागद आणला: ‘मालकांच्या परवानगीने दर सोमवारी 9 ते 11 दर्शनास येऊ.’ खाली सह्यांना जागा. निम्म्या बायका तयार आहेत, निदान देव तरी दिसेल म्हणून. माझा हात होत नाही, पण का ते मला धड सांगता येत नाही. सात-बारा पाहिला, त्यावर वाटेचा उल्लेख नाही. महाशिवरात्र तोंडावर आलीय. काय करू?

निवृत्त मंडळ अधिकारी
ताई, सात-बाऱ्यावर नाही म्हणजे वाटच नाही, असं नसतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. एकेरी तुटक रेघ असेल तर पायवाट, दुहेरी असेल तर गाडीरस्ता.

कुणी जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करा म्हणेल. तो करू नका, ते कलम बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे. तुमची जुनी वाट अडवलीय, म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, तहसीलदारांपुढे. अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज हवा. दसऱ्यापासून मोजा आणि आजच लागा. नोकरीत असताना निव्वळ मुदत टळली म्हणून परत गेलेली माणसं मी पाहिलीत, बाजू खरी असूनही. हा कायदा शेतीच्या वाटेला लागतो, देवदर्शनाच्या नाही, तेव्हा अर्जात आधी रान लिहा. स्थळपाहणीला म्हातारी माणसं हजर ठेवा.

वकील, वाई
सही अजिबात करू नका. तुमचा हात अडतोय तो बरोबर अडतोय. 1882 च्या इझमेंट ॲक्टच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरे वापरण्याच्या हक्काच्या कायद्याच्या, कलम 15 प्रमाणे वाट 20 वर्षं उघडपणे, शांततेनं, अखंड आणि हक्कानं वापरलेली असावी लागते. ‘परवानगीने’ लिहून दिलंत की पुढच्या तारखेला तोच कागद तुमच्यासमोर येईल: हक्क कसला, आम्ही येऊ देत होतो. दिवाणी दावा लावायचा झाला तर ही 20 वर्षं दाव्याच्या आधीच्या 2 वर्षांत संपलेली असावी लागतात, म्हणजे वाट अडवल्यापासून 2 वर्षांच्या आत दावा लावायला हवा, तिथंही बसून राहता येत नाही. देवळाचं वेगळं बघा, तिथं गावाची रूढी मांडता येते. देऊळ सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का, हेही तपासा.

वाडा सांभाळणारा
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्याही वाड्यात बारव आहे. पोहायला उतरलेलं एक पोरगं बुडता बुडता वाचलं, एका रात्रीत सागवानी कोरीव तुळई गेली. मग मीही दार लावलं. गाव चिडलं, ते मला समजत होतं, पण झोप लागत नव्हती. शेवटी पारावर बसून ठरवलं: दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दार उघडं, रात्री कुलूप, किल्ली गुरवाकडे. कागदावर मी ‘पूर्वापार वहिवाट’ लिहून दिलं. तुमच्या मालकांना कुणीतरी समोरासमोर भेटा. व्यवस्थापकाला असले निर्णय घेता येत नाहीत.

रानातली
सगळ्यांचे आभार. नकाशा मिळाला. एकेरी तुटक रेघ आहे, दिंडीपासून थेट आमच्या बांधापर्यंत. काल अर्ज दिला, आणखी तीन शेतकरी सोबत होते. कागदावर सही कुणी केली नाही, बायकांना मी वकीलसाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. मालकांना पत्रही लिहिलंय, रात्रीच्या कुलपाला आमची हरकत नाही असं त्यात स्पष्ट घातलंय.

साक्षीदारांत पहिलं नाव सासूबाईंनी स्वतःचं घालायला लावलं. तहसीलदारांनी विचारलं तर काय सांगाल म्हटलं, तर म्हणाल्या, बारवेच्या पायऱ्या सांगीन. एकतीस. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चौतीस.