गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी स्वस्तातला कॅमेरा लावावा, की तेच पैसे कुलपावर घालावेत?

पेठेतला_सातारकर

साताऱ्याच्या पेठांमधले वाडे बांधले गेले तेव्हा दारात चारचाकी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे यादोगोपाळ पेठ असो, मंगळवार पेठ असो नाहीतर चिमणपुरा, आज गाडी दारासमोर गल्लीतच उभी असते. रात्रभर उघड्यावर. सकाळी उठून बघावं तर कधी आरसा गेलेला, कधी दारावर खिळ्यानं ओढलेली रेघ, कधी बॅटरीच गायब.

आणि गाडी मारुतीची इको व्हॅन असेल तर सायलेन्सर. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात इकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार सारखे ऐकायला येतात. कारण सरळ आहे. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात. चोराला गाडी नकोच असते, त्या नळकांड्यातली या धातूंची 'माती' हवी असते. बोल्ट काढून सायलेन्सर उतरवायला फार वेळ लागत नाही आणि मालकाला पत्ता लागतो तो सकाळी चावी फिरवल्यावर, आवाजावरून.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की दारासमोर गाडी लावणाऱ्या प्रत्येकानं एक साधा वायफाय कॅमेरा बसवावा. साधारण २,००० ते ३,५०० रुपयांत बाहेर लावायचा बरा कॅमेरा मिळतो. महिन्याची वर्गणी भरून क्लाउड घ्यायची गरज नाही, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला. २ मेगापिक्सेलचं चित्र एच.२६५ मध्ये (चित्रण आवळून साठवायची पद्धत) साधारण १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, वेगानं साठवलं तर दिवसाला १० ते ११ जीबी लागतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात दहा-अकरा दिवसांचं अखंड रेकॉर्डिंग मावतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. कार्ड मात्र हाय एन्ड्युरन्सचं, म्हणजे सततच्या रेकॉर्डिंगला टिकणारं घ्या. मोबाइलमधलं साधं कार्ड सतत लिहिण्या-पुसण्यानं लवकर बाद होतं, आणि तेही नेमकं कधी बाद झालं ते कळत नाही.

चाळीस-पन्नास हजारांचा फोन वापरणारी माणसं आठ लाखांची गाडी नुसती देवावर हवाला ठेवून गल्लीत सोडतात, हे मला पटत नाही.

शाहूपुरी_जुना_रहिवासी

तुमची कळकळ समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

कॅमेरा चोरी दाखवतो, थांबवत नाही. रात्री तीन वाजता तोंडाला रुमाल बांधून, नंबरप्लेट नसलेल्या दुचाकीवर दोघं येतात आणि काम करून जातात. तुमच्याकडे उरतं काय? रुमालाचं चित्रीकरण. त्याच पैशात चांगलं गिअर लॉक येतं, वर स्टिअरिंगची दांडी येते, दारावर हालचालीनं पेटणारा एलईडी दिवा येतो. चोराला वेळ आणि उजेड या दोन गोष्टी नडतात. कॅमेऱ्यानं यातलं काहीच होत नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पेठेतली गल्ली म्हणजे सगळ्यांचं अंगण असतं. पहाटे समोरच्या घरची बाई सडा घालते, रांगोळी काढते, म्हातारी माणसं ओट्यावर बसतात, कुणाकडे कोण पाहुणा आला, कोण किती वाजता परतलं, हे सगळं आता एका माणसाच्या मोबाइलवर दहा दिवस साठून राहणार. त्यांना कुणी विचारलंय? गाडी तुमची आहे, गल्ली तुमची नाही.

फिटिंगवाला_करंजे

मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण खरी गडबड वेगळीकडेच होते.

गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, 'किती मेगापिक्सेल?' दादा, आधी लेन्स विचारा. २.८ मिलिमीटरची लेन्स जवळजवळ १०० अंश दाखवते. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. पण वीस-पंचवीस फुटांवरचा माणूस त्यात एवढासा दिसतो, चेहरा मोठा करायला गेलं की नुसते चौकोन. फक्त गाडीच बघायची असेल तर ६ मिलिमीटरची घ्या. पट्टा निम्म्यावर येतो, पण त्या पट्ट्यातला माणूस ओळखू येतो. शाहूपुरीचे काका म्हणतात तो प्रश्नही त्यानं बराच सुटतो, कारण समोरचा ओटा चौकटीत येतच नाही.

उंची आठ-नऊ फूट. लोक चोर कॅमेरा काढून नेईल या भीतीनं दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लावतात आणि मग वरून टोपी दिसते, तोंड नाही.

रात्रीचं सांगतो. या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेडचे दिवे असतात, त्यांचा उजेड आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. पण हाय सिक्युरिटी नंबरप्लेट प्रकाश परत फेकणारी असते, म्हणून जवळून ती इन्फ्रारेडमध्ये पांढरीफटक पडते आणि आकडे पुसल्यासारखे होतात. ज्यांना नंबर वाचायचाय त्यांनी इन्फ्रारेड बंद करून दारावर साधा पिवळा-पांढरा दिवा रात्रभर चालू ठेवावा. रंगीत चित्र मिळतं, शर्ट कुठल्या रंगाचा तेही कळतं. शिवाय रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, लेन्सपुढे जाळं विणतो आणि ते जाळं वाऱ्यानं हललं की तुमच्या फोनवर रात्रभर 'हालचाल दिसली' म्हणून घंटी. दोन दिवसांत माणूस वैतागून सूचनाच बंद करतो. पंधरवड्यातून एकदा झाडूचं टोक फिरवा. माणूस किंवा वाहन ओळखूनच सूचना देणारा कॅमेरा असेल तर हा त्रास खूप कमी.

वाड्यांचं दुखणं म्हणजे भिंती. दीड-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतीतून वायफाय बाहेर पोचत नाही. या कॅमेऱ्यांपैकी बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ते ५ पेक्षा बरं भिंत ओलांडतं, तरी राउटर मागच्या सोप्यात ठेवून चालायचं नाही. अशा घरात मी सरळ वायर ओढायला सांगतो. डीव्हीआर (घरात ठेवायचा रेकॉर्डिंगचा डबा), थ्री प्लस वन केबल (चित्र आणि वीज एकत्र नेणारी वायर), १२ व्होल्टचा सप्लाय आणि दोन कॅमेरे, हार्डडिस्कसकट १० ते १३ हजारांत बसतं. आणि चोर कॅमेरा उपटून घेऊन गेला तरी चित्रण घरात राहतं. कार्डवाल्या कॅमेऱ्याचं कार्ड त्याच्याबरोबरच जातं, हे वर कुणी लिहिलं नाही.

सांधे उघडे सोडू नका. आपल्या पावसात आयपी ६६ किंवा ६७ चा (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) कॅमेरा टिकतो, पण बीएनसीच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या पिनच्या, जोडात पाणी जातं. प्रत्येक कॅमेऱ्यामागं प्लॅस्टिकचा बॉक्स हवाच.

कृष्णाकाठ_सांगली

सांगलीच्या गावभागातून. वरच्या दादांना एक जोड देतो. डीव्हीआर कुठं ठेवता ते बघा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तळमजल्यावर टीव्हीखाली ठेवलेलं सगळं गेलं. नदीकाठच्या माणसानं डीव्हीआर माळ्यावरच ठेवावा.

आणि लाइट गेली की काय? चोरीला तीच वेळ सापडते. राउटर आणि एक कॅमेरा मिळून पंधरा-वीस वॅटपेक्षा जास्त खात नाहीत. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर काही तास निघतात. एवढं केलं नाही तर कॅमेरा लावून उपयोग नाही, असं माझं मत.

वकील_सदरबझार

गल्लीवर कॅमेरा रोखणं बेकायदा आहे का, हे मला पक्षकार नेहमी विचारतात. स्वतःच्या दारावर, स्वतःची मालमत्ता दिसेल असा कॅमेरा लावायला सरसकट बंदी नाही. डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे आणि एखाद्यानं निव्वळ व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला त्यानं सूट दिली आहे. पण याचा अर्थ वाटेल तिकडे भिंग फिरवा असा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाईला तिच्या खासगी क्षणी पाहणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. म्हणून समोरच्याची खिडकी, न्हाणीघराचा झरोका चौकटीत येत असेल तर तो भाग काळा करा. जवळपास प्रत्येक ॲपमध्ये 'प्रायव्हसी मास्क'ची सोय असते. आवाजाचं रेकॉर्डिंग तर बंदच ठेवा. गाडीच्या राखणीला शेजाऱ्यांचं बोलणं कशाला हवं?

आता रुमालाच्या चित्रीकरणाबद्दल. काका, चेहरा झाकलेला असला तरी वेळ कळते, माणसं किती ते कळतं, कुठल्या दिशेनं गेले ते कळतं. पोलिस त्या वेळेवरून पुढच्या चौकातलं, पेट्रोल पंपावरचं चित्रण तपासतात. तपास असाच कडी कडी जोडत जातो. मात्र लोक मोबाइलच्या पडद्यावरून चित्रफीत काढून ग्रुपवर टाकतात आणि मूळ रेकॉर्डिंग दहा दिवसांनी पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा) प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातही ते कलम ६५ब खाली होतंच. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली हे प्रमाणपत्र टाळता येत नाही असं स्पष्ट केलं. तेव्हा घटना घडली की पहिल्यांदा रेकॉर्डिंग थांबवून कार्ड किंवा डीव्हीआर जपून ठेवा आणि कॅमेऱ्याचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढंमागं आहे ते लिहून ठेवा. दहा मिनिटांच्या फरकावर खटल्यात चांगलीच उलटतपासणी होते.

शाहूपुरी_जुना_रहिवासी

वकीलसाहेब, कायद्याचं तुम्ही नीट सांगितलंत. पण कायद्यात बसतं ते सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसतंच असं नाही. मास्क लावलाय हे समोरच्या सूनबाईला कसं कळणार? तिला फक्त तिच्या दाराकडे रोखलेला डोळा दिसतो. आयाबायांना अवघडल्यासारखं होतं, त्या बोलत नाहीत.

गोडोलीची_नर्स

काका, मान ठेवून सांगते, बोलतो आम्ही.

मी रात्रपाळी करून पहाटे घरी येते. पोवई नाक्यावरून गोडोलीपर्यंत मला एकाही कॅमेऱ्याचं अवघडलेपण वाटत नाही, अंधाराचं वाटतं. आमच्या गल्लीत दोन घरांनी कॅमेरे लावल्यापासून कोपऱ्यावर टोळकं करून बसणारी पोरं तिथं बसत नाहीत. म्हणजे कॅमेरा काहीच थांबवत नाही, हेही खरं नाही. सराईत चोर थांबत नसेल, पण रेघ ओढणारा, आरसा फोडणारा, दारू पिऊन लाथ घालणारा हा ओळखीचाच असतो आणि ओळखू येण्याला तो घाबरतो.

तरी तुमचं एक मला शंभर टक्के मान्य आहे. विचारायला हवं. आमच्या शेजारच्यांनी कॅमेरा बसवल्यावर आईला बोलावून मोबाइलवर दाखवलं की बघा मावशी, तुमची फक्त पायरी दिसते. तेवढ्यानं विषय संपला. दुसऱ्या घरानं काहीच सांगितलं नाही, त्यांच्याशी आईचं अजून धड बोलणं नाही. बायकांच्या नावानं कॅमेरा नको म्हणण्याआधी बायकांना विचारा आणि कॅमेरा लावण्याआधीही विचारा, एवढंच माझं म्हणणं.

विम्याचं_काम_करतो

मध्येच एक. कॅमेरा असला म्हणून विम्याचा दावा सोपा होत नाही. गाडीच चोरीला गेली तर एफआयआर, दोन्ही चाव्या आणि पुढं पोलिसांचा 'तपास लागला नाही' असा अहवाल मागतात. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीवाले पैसे वाचवायला थर्ड पार्टीवरच भागवतात. त्यांनी आधी तिकडं बघावं, मग कॅमेऱ्याकडे.

पेठेतला_सातारकर

कुलपाच्या मुद्द्यावर मी हटणार नाही. गिअर लॉक गाडी वाचवतं, पण सायलेन्सर, काच, आरसा, बॅटरी यातलं काही वाचवत नाही. पेठेत गाडीच्या गाडी जाण्यापेक्षा हेच जास्त घडतं. इकोवाल्यांनी वेल्डरकडून सायलेन्सरखाली लोखंडी जाळी मारून घ्यावी, हे जरूर. पण कुणी केलं हे कळल्याशिवाय गल्लीतला त्रास थांबत नाही. कारण कळत नसेल तर संशय प्रत्येकावर जातो. शेजारधर्माला तो संशय कॅमेऱ्यापेक्षा जास्त पोखरतो, हे काकांनी लक्षात घ्यावं.

फिटिंगवाल्या दादांना विचारायचंय. स्वस्तातले कॅमेरे बाहेरून कुणी उघडून बघू शकतं असं म्हणतात. त्याचं काय करायचं?

फिटिंगवाला_करंजे

बघू शकतं, पण बहुतेक वेळा आपणच दार उघडं ठेवलेलं असतं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, तो फिटिंगवाल्यालासुद्धा सांगू नका, मलाही नको. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षेच्या चाचण्यांचे नियम कडक झालेत, म्हणून बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी बघून घ्या. बिलाशिवाय मिळणारा, नाव नसलेला माल पाचशे रुपयांनी स्वस्त पडतो, तो सोडून द्या.

आणि दिवसाउजेडी चित्र बघून पैसे देऊ नका. अंधार पडल्यावर घरातला एक माणूस गाडीपाशी उभा करा, नेहमीच्या चालीनं दोन फेऱ्या मारायला सांगा, मग रेकॉर्डिंग थांबवून चेहरा ओळखू येतो का बघा. नाही आला तर फिटिंगवाल्याकडून लेन्स बदलून घ्या, जागा बदलून घ्या. चांगला फिटिंगवाला कुरकुर करत नाही.

शाहूपुरी_जुना_रहिवासी

त्याच वेळी समोरच्या घरातल्यांनाही बोलावून पडद्यावर त्यांचं काय दिसतं ते दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर कॅमेरा खाली, गाडीकडे वळवा. हे करणार असाल तर माझी हरकत नाही. न विचारता लावणार असाल तर माझा विरोध कायम आहे, आणि तो मी गल्लीच्या बैठकीतही मांडणार.