४ पैकी ४.४२ कसे?

आबा: सोनूचं प्रगतीपुस्तक पाहिलं. ताई, त्यात जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४.४२ लिहिलाय आणि तू तर म्हणाली होतीस तिकडे अमेरिकेत ४ पैकी असतो. ४ पैकी ४.४२ कसे पडतील? छापताना चूक झाली असेल तर शाळेला वेळेत कळवा.

मोठी काकू: सोनूचं खूप खूप कौतुक गं. माझ्याकडून शंभर रुपये बक्षीस

ताई एनजे: आबा चूक नाहीये, दोन जीपीए असतात इथे, अनवेटेड आणि वेटेड. अनवेटेडमधे सगळे विषय सारखेच, ए ला ४, बी ला ३, सी ला २, विषय सोपा असो नाहीतर अवघड. वेटेडमधे अवघड कोर्स घेतला की वरून जादा पॉइंट मिळतो, आमच्या न्यू जर्सीच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधे ऑनर्सला, म्हणजे जरा वरच्या पातळीच्या कोर्सला, अर्धा आणि एपीला, म्हणजे शाळेतच शिकवतात त्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सला, एक, म्हणजे एपीत ए आला की ५ धरतात

दादा पुणे: म्हणजे आमच्या इंजिनिअरिंगच्या सीजीपीएसारखंच ना? क्रेडिटने गुणून भागायचं

ताई एनजे: नाही रे, तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. तुमच्याकडे क्रेडिट म्हणजे विषयाला किती तास त्याचं वजन, इथे वजन अवघडपणाचं. सोनूचंच घे. एपी कॉम्प्युटर ए, म्हणजे ५. एपी वर्ल्ड हिस्टरी बी, म्हणजे ३ चे ४ झाले. इंग्लिश, केमिस्ट्री, मॅथ तिन्ही ऑनर्स, तिन्हीत ए, साडेचार प्रमाणे साडेतेरा. ऑर्केस्ट्रा ए पण साधा कोर्स म्हणून ४. बेरीज २६.५, भागिले ६, ४.४२. आणि अनवेटेड काढलास तर २३ भागिले ६, ३.८३. मुलगी तीच, मार्क तेच

आबा: आता समजलं. हिशेब वहीत मांडून पाहिला, बरोबर आहे.

मामा ह्यूस्टन: आमच्या इकडे तर स्केलच वेगळं आहे, शेजारच्या डिस्ट्रिक्टचं अजून वेगळं, काही ठिकाणी १०० च्या वर जातात. त्यामुळे कोणी आपल्या मुलाचा ४.७ सांगितला तर मी आधी विचारतो कितीपैकी. पण टेक्सासला वेटेडच्या मागे मुलं धावतात त्याला कारण आहे, इथे १९९७ पासून कायदाच आहे की शाळेच्या बॅचमधे पहिल्या १०% मधे आलात तर स्टेट युनिव्हर्सिटीत थेट ॲडमिशन, ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीची अट त्याहून कडक, आणि रँक बहुतेक ठिकाणी वेटेडवर लावतात

ताई एनजे: मामा मला खरं तर याच्यावरच बोलायचंय. शुक्रवारी पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म द्यायचाय आणि सोनूने ऑर्केस्ट्रा पेन्सिलने खोडून ठेवलंय. ऑर्केस्ट्रा नसतं तर २२.५ भागिले ५, बरोब्बर ४.५ झाला असता म्हणे. म्हणजे ए मिळवूनही त्या विषयाने ॲव्हरेज खाली ओढलं. मैत्रिणींनी सांगितलं हे तिला. काल रात्री व्हायोलिनची केस दारामागे नेऊन ठेवली, बाहीला रोझिनची, म्हणजे व्हायोलिनच्या गजाला लावतात त्या राळेची, पांढरी पूड तशीच होती, मला बघवेना

मोठी काकू: अगं चौथीपासून वाजवते ती!!

दादा पुणे: ताई थांब, अनवेटेड पण काढ ना ऑर्केस्ट्राशिवाय. १९ भागिले ५, ३.८. म्हणजे ३.८३ वरून खाली आला. एक आकडा वर जातो तर दुसरा खाली येतो

मामा ह्यूस्टन: आणि त्या जागी अजून एक एपी घेतली आणि बी आला तर? ४ च मिळणार. परत ४.४२. वर जायचं तर तिथे ए च हवा, आणि रात्री एक वाजेपर्यंत जागायचं ते वेगळं

ताई एनजे: हे मी तिला दाखवलंच नव्हतं. मी नुसती चिडले होते

मामा ह्यूस्टन: आमच्या मोठ्याच्या वेळी शाळेतल्या कौन्सिलरने, म्हणजे विषय आणि कॉलेजबद्दल सल्ला देतात त्यांनी, नीट समजावलं होतं. ट्रान्स्क्रिप्टबरोबर, म्हणजे ग्रेडच्या अधिकृत नोंदीबरोबर, कॉलेजला शाळेचं प्रोफाइल जातं, त्यात स्केल काय, शाळेत एपी किती शिकवतात सगळं लिहिलेलं असतं, म्हणजे नुसता ४.४२ बघून कोणी ठरवत नाही. बरीच कॉलेजं तर स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. यूसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं बघ, दहावी अकरावीचे ठरलेले विषयच धरतात, ग्रेडचे प्लस मायनस सोडून देतात, जादा पॉइंट जास्तीत जास्त ८ सेमिस्टरला, आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांच्या ऑनर्सला तो मिळतच नाही, फक्त एपी आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला. वर तिथे कलेचा एक वर्षाचा विषय लागतोच

ताई एनजे: म्हणजे तिचा ४.४२ तिकडे ४.४२ राहणारच नाही

मामा ह्यूस्टन: नाहीच. तरी शुक्रवारच्या आत तुमच्या कौन्सिलरला एवढं विचार की तुमची शाळा रँक काढते का. बऱ्याच शाळांनी आता बंद केलाय. तुमच्याकडेही नसेल तर ते ४.५ कोणासाठी करायचंय

आबा: ताई, पोरीला रागावू नकोस. तिने हिशेब मन लावून केला, फक्त अर्धाच केला. माझ्या वहीचा फोटो टाकतो, दोन्ही सरासरी शेजारी शेजारी मांडल्या आहेत, तो तिला दाखव. ठरवू दे तिचं तिला.

ताई एनजे: दाखवला आबा. जेवण झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलीये, तिन्ही गणितं परत करतेय. फॉर्म अजून टेबलावरच आहे

मोठी काकू: केस दारामागून काढली का ते सांग आधी

ताई एनजे: अजून नाही काकू. पण ऑर्केस्ट्रावरची पेन्सिल खोडरबरने पुसलीये