जॉइन पक्के झाल्याशिवाय इंडेक्सकडे वळू नये

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत सिलेक्ट, इन्सर्ट आणि अपडेट (माहिती काढणे, भरणे आणि बदलणे) जमू लागल्यावर थेट इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच) शिकावेत का, असे एका शिकणाऱ्याने विचारले आहे. माझ्या मते टेबलांची रचना आणि जॉइन (दोन टेबलांतील नोंदी जोडणे) हा मधला टप्पा गाळू नये. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याची पद्धत) मांडले, ते माहिती यंत्रात कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये म्हणूनच.

लातूरच्या मोंढ्यातील आडत दुकान डोळ्यांपुढे आणा. मालाच्या हिशेबाच्या प्रत्येक पट्टीवर शेतकऱ्याचे गाव पुन्हा लिहिले, तर एकदा ‘उदगीर’ आणि एकदा ‘उद्गीर’ अशी नोंद होऊन गावनिहाय बेरीज चुकते. म्हणून शेतकरी एका टेबलात, आवक दुसऱ्यात आणि त्यांना जोडणारी फॉरेन की, म्हणजे आवकेच्या नोंदीत लिहिलेला शेतकरी क्रमांक. या महिन्यात सोयाबीन न आणलेले शेतकरीही यादीत हवे असतील, तर लेफ्ट जॉइन लागतो; तो जोडी न सापडलेल्या शेतकऱ्यांनाही यादीत ठेवतो. मात्र आवकेच्या तारखेची अट व्हेअरमध्ये (जोडणीनंतर नोंदी गाळणाऱ्या भागात) लिहिली की तेच शेतकरी गळतात, कारण त्यांच्यापुढे जुनी तारीख किंवा तारखेच्या जागी नल (मूल्यच नसल्याची खूण) असतो, आणि नलशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. ती अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीतच, लिहावी. माझ्याकडे शिकणारी बहुतेक मुले इथेच अडतात, आणि ही चूक त्यांनी स्वतः शोधावी असा माझा आग्रह असतो.

त्यानंतर ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र करणे, सगळे किंवा एकही नाही), मग इंडेक्स. शेतकरी क्रमांक आणि तारीख या क्रमाने केलेला संयुक्त इंडेक्स केवळ तारखेवरून शोधताना सहसा उपयोगी पडत नाही. डेटाबेस शोध कसा घेतो हे दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा लावून हे स्वतः पाहावे. जुन्या संगणकावर सरावाला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही.