केवायसी झाली नाही म्हणून रेशन बंद करणं बरोबर आहे का?

बोरीकाठचा
राम राम मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आमचं गाव पारोळ्याच्या अंगाला, कापसाचं गाव. गल्लीत एक मावशी राहतात, नवरा गेला, मुलगाही गेला, घरात त्या आणि दहा वर्षांचा नातू. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, दोन युनिट, माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला १० किलो धान्य. ते आलं तर डब्यात पीठ असतं, नाही तर नसतं. दोन महिन्यांपूर्वी कंट्रोलवर गेल्या तर दुकानदार म्हणे मावशी तुमची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, बाकी आहे, धान्य निघत नाही.

मग मी स्वतः घेऊन गेलो त्यांना. अंगठा लावला, नाही. दुसरा लावला, नाही. दुकानदारानं ओल्या फडक्यानं बोटं पुसून दिली, मग तर्जनी, मधलं बोट, असं करत दहाच्या दहा बोटं झाली आणि मागे रांग ताटकळत उभी. मावशींनी हात माझ्यापुढे धरला, म्हणाल्या "कापूस येची येची बोटं घसाई ग्यात रे भाऊ, आते नवा बोटं कोठून आनू?" मी बघितलं, बोटांच्या टोकांना रेषाच उरल्या नाहीत, कुठे बोंडाच्या टोकानं चिरलेलं, बाकी कातडी गुळगुळीत. याआधी धान्याला कधी एखादं बोट लागून जायचं, कधी ओटीपीवर निघायचं. आता केवायसीला कार्डावरच्या प्रत्येकाचा वेगळा ठसा पाहिजे. नातवाचं आधार तो तान्हा असताना काढलेलं, त्यात ठसेच नाहीत, पाच वर्षांचा झाल्यावर अपडेट करायचं असतं ते कुणी केलंच नाही, करणार तरी कोण.

माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी करा, खुशाल करा, पण ती पूर्ण होईपर्यंत धान्य चालू ठेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे हक्क म्हणून दिलंय. ज्याचा ठसा लागत नाही त्याच्या दारात सरकारी माणसानं जावं, त्यानं उपाशी राहून चकरा मारायच्या का?

तापीपार
दादा, मावशींचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी केवायसीच्या बाजूनं आहे आणि त्याला कारण आहे. आपल्या राज्याला इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरवून दिलाय, साधारण ७ कोटी माणसांचा, तोही २०११ च्या जनगणनेवरून. त्याच्यावर एक नाव चढत नाही. जुनं नाव निघालं तरच नवीन बसतं. माझ्या वहिनीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे, भाऊ गॅरेजवर हेल्पर, दोन लेकरं, आणि ऑफिसात एकच उत्तर, इष्टांक भरलाय. तो कुणी भरलाय ते आमच्याच गावात येऊन बघा. मेलेल्या माणसांची नावं चालू, लग्न होऊन सुरतला गेलेल्या पोरींची नावं इथंही आणि तिथंही, दारात ट्रॅक्टर उभा आणि कार्ड प्राधान्यचं. खेड्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ४४ हजार आहे, शहरात ५९ हजार, ट्रॅक्टरवाल्याचं ४४ हजारात भागतं हे मला कुणी पटवून द्यावं. ही नावं केवायसीशिवाय निघणारच नाहीत, आजवर निघाली का?

बोरीकाठचा
तापीपार भाऊ, मेलेला माणूस काढायचा तर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद असते की. ती पुरवठा विभागानं घ्यावी. त्याच्यासाठी जिवंत म्हातारीला मी जिवंत आहे हे सिद्ध करायला लावणं मला पटत नाही. आणि तुमचा ट्रॅक्टरवाला आहे ना, त्याचा अंगठा एका फटक्यात लागतो! त्याचे हात कुठे झिजलेत? केवायसीनं माणूस तोच आहे एवढं कळतं, तो गरीब आहे का नाही हे मशीनला थोडंच कळतं.

सातपुडा_मास्तर
मी धडगाव भागात शिकवतो म्हणून लिहितो. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर गुजरातला जातात, कोणी ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला, ती होळीला परत येतात आणि काही तर त्याच्याही नंतर. केंद्रानं २०२५ मध्ये रेशनच्या आदेशात दुरुस्ती केली, दर पाच वर्षांनी केवायसी आणि सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड तात्पुरतं बंद, मग तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी. आता मला सांगा, जो सहा महिने फडावर आहे त्याच्या कुलूप लावलेल्या झोपडीवर पडताळणीला कोण जाणार आणि काय लिहून आणणार? देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं, शहाद्याजवळच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. गरिबाला ओळख मिळेल, त्याचं त्याच्यापर्यंत पोचेल असं तेव्हा सांगितलं होतं. माझी त्या शब्दावर अजून श्रद्धा आहे, म्हणूनच त्याच आधारच्या नावावर माणसाचं नाव कमी झालेलं बघवत नाही.

तापीपार
सर, तुमचा मान ठेवून सांगतो, केवायसीला गावीच यावं लागतं असं नाही. कुठल्याही रेशन दुकानावर होते, एक देश एक रेशन कार्डमध्ये धान्यसुद्धा तिकडं उचलता येतं. शिवाय मेरा ई-केवायसी ॲप आहे, चेहरा दाखवला की काम होतं, अंगठ्याची गरजच नाही. मुदतही एकदा नाही, कितीतरी वेळा वाढवून दिली. शेवटी कुठंतरी थांबायला पाहिजे ना, नाहीतर माझ्या वहिनीची लेकरं कधी बसणार यादीत?

सातपुडा_मास्तर
ॲपला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. आमच्याकडे दहा घरांतल्या किती जणांचा नंबर जोडलेला आणि चालू असेल तुम्हीच अंदाज करा. वरच्या पाड्यांवर तर रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं.

शिरपूरची_लेक
मी पण तापीपार दादांसारखंच म्हणेन, थोड्या वेगळ्या कारणानं. आपण खान्देशातली माणसं भाकरी खाणारी, दादर ज्वारीची भाकरी नाहीतर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भात कधीमधी. रेशनला तांदूळ येतो तो किती घरांत शिजतो? गल्लीत टेम्पो येतो, पोत्यानं तांदूळ विकत घेऊन जातो, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. फुकट मिळतंय म्हणून त्याची किंमत नाही. २०२३ पासून मोफत झालं तेव्हापासून तर जास्तच. जो विकतो त्याचं नाव काढा आणि ज्याला गरज आहे त्याला द्या, त्याच्यासाठी तपासणी कडक झाली तर वाईट काय?

बोरीकाठचा
ताई, विकणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण मावशीसुद्धा कधीकधी तांदूळ देतात हे मला माहीत आहे, त्या पैशातून तेल आणतात, नातवाची वही आणतात. त्यांना ज्वारी दिली असती तर विकली नसती. जे खात नाही ते द्यायचं आणि विकलं की गुन्हेगार ठरवायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

शिरपूरची_लेक
ज्वारी द्यावी हे मात्र अगदी मान्य. त्याच्यासाठी मी पण सही करेन. बाकी मत माझं तेच आहे.

कंट्रोलवाला
मी दुकानदार आहे, वडिलांपासूनचं दुकान. दोन्हीकडच्या शिव्या आम्हीच खातो म्हणून दोन शब्द. लोकांना आम्ही महिनोन्महिने सांगितलं, दवंडी दिली, फळ्यावर लिहिलं, तरी शेवटच्या आठवड्यात दोनशे माणसं एकदम आली आणि तेव्हाच सर्व्हर बसला. अंगठा घ्यायचं पॉस मशीन फिरत राहतं फिरत राहतं आणि रांगेतली म्हातारी माणसं माझ्या ओट्यावर बसून राहतात, मला ते बघून घास जात नाही. पण बोगस नावंही खरी आहेत, तेपण मीच रोज बघतो.
बोरीकाठ भाऊ, कामाचं सांगतो. नवीन पॉस मशीनला डोळ्याचा स्कॅनर दिलाय. मावशींना परत घेऊन जा, दुकानदाराला सांगा डोळ्यावर घ्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर दुसरा डोळा लावा. नातवाचं आधी आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करा, मग केवायसी. त्याच्याशिवाय त्याची होणारच नाही, दुकानदाराशी भांडून उपयोग नाही.

बोरीकाठचा
मनापासून धन्यवाद दादा, डोळ्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर दोन महिने गेले नसते. आणि माझा मुद्दा इथंच आहे, सोय आहे पण ती मावशींपर्यंत पोचायला मी पाहिजे, मला सांगायला तुम्ही पाहिजेत. आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. त्याच वर्षी झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी गेली, कार्ड आधारला जोडलं नव्हतं म्हणून रेशन बंद झालं होतं. घरचे म्हणाले भुकेनं, सरकार म्हणालं मलेरियानं. कशानं का असेना, घरात दाणा नको होता का?

तापीपार
हे वाचून मी जरा गप्प बसलो होतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं धान्य थांबायला नको, हे मी मान्य करतो. अशांची यादी तलाठी, अंगणवाडी सेविका यांच्याकडून घेऊन घरी जाऊन केवायसी करावी. पण सरसकट चालू ठेवा म्हणाल तर नाही. धडधाकट माणूस, हातात मोबाईल, दुकान शंभर पावलांवर आणि तरी येत नाही, त्याचं नाव मी तरी थांबवेन. माझ्या घरात वाट बघणारी लेकरं आहेत, मला दुसरं काही सुचत नाही.

सातपुडा_मास्तर
थांबवा, पण आधी नोटीस द्या, घरी जा, मग थांबवा. आज आधी थांबतं आणि माणूस नंतर कारण शोधत फिरतो. आणि बोरीकाठ भाऊ, मागच्या दोन महिन्यांच्या धान्याचं सोडू नका. हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असं कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. १९६७ वर पण फोन करून तक्रार नंबर लिहून ठेवा.

बोरीकाठचा
कळवायचं राहिलं होतं. काल गेलो होतो. उजवा डोळा लागला नाही, डावा लागला. मावशींचं नाव चालू झालं, त्यांचं ५ किलो काल पिशवीत घेऊन आलो. नातवासाठी सोमवारी शाळा बुडवून तालुक्याला आधार केंद्रावर नेतोय, त्याचं ५ किलो अजून अडकलेलंच आहे. तक्रार अर्ज लिहून तयार आहे, खाली मावशींचा अंगठा घेतलाय, शाईचा.