'ऑरेंज' हा आपलाच शब्द आहे, मग 'ऑरेंज सिटी' म्हटलं तर राग काऊन?

सदरवाला
काल मेट्रोत एक काका तणतणत होते, नागपूरला ऑरेंज सिटी म्हणता, मेट्रोच्या लाईनला ऑरेंज म्हणता, संत्रा म्हणायला जीभ झडते का तुमची. मी गप्प बसलो पण सिताबर्डीला उतरेपर्यंत डोक्यात तेच. कारण ऑरेंज म्हणजे आपला नारंगच नं भाऊ! संस्कृत नारंग, तिथून फारसीत नारंग, अरबीत नारंज, अरबांनी तो स्पेनला नेला, तिथं आजही नारांखाच म्हणतात. पुढे फ्रेंचमध्ये ओरांज आणि तिथून इंग्लिश. म्हणजे पोरगं जगभर फिरून घरी आलं आन आपण त्याला दारातून हाकलून राह्यलो.

बर्डीचा_मास्तर
नारंगमधला 'न' कुठं गेला ते सांगायचं राह्यलं. इंग्रज 'अ नॉरेंज' म्हणायचे, बोलता बोलता तो न आधीच्या 'अ'ला चिकटला आन झालं 'ॲन ऑरेंज'. सरळ आहे.

सदरवाला
मास्तर, ही गोष्ट मस्त आहे पण ती ॲप्रनची. तो आधी नॅप्रन होता, त्याचा न खरंच इंग्लिशमध्येच गेला. ऑरेंजचा न इंग्लंडला पोचायच्या आधीच गेला होता, इटालियन अरांचा बघा, फ्रेंच बघा. फ्रेंचमध्ये 'ओर' म्हणजे सोनं, त्या नादानं सुरुवातीला ओ आला असंही मानतात.

काटोलची_बाग
शब्द तुमचा असेल, फळ नाही, आन मले याच गोष्टीचा राग येते. आमची तीन पिढ्यांची बाग आहे. आपला संत्रा म्हणजे मँडरिन, साल ढिली, नख लावलं की सुटते, वरच्या बाजूनं फुगीर. इंग्रज ज्याले ऑरेंज म्हणते ते घट्ट सालीचं, चाकूनं कापाव लागते, म्हणजे आपली मोसंबी! आन तुमचा जो नारंज अरबांनी नेला तो तर कडू होता, गोड जात युरोपात लय मागून गेली. मग ऑरेंज सिटी म्हणजे काय, मोसंबीनगरी? २०१४ मध्ये जीआय टॅग (माल त्याच भागातला हे सांगणारा सरकारी शिक्का) भेटला त्यावर पण 'नागपूर ऑरेंज'च लिहिलं. कळमन्याच्या बाजारात ढिगासमोर उभा राहून कोणी ऑरेंजचा भाव विचारते काय?

पुण्याहून_बदली
आधी ते 'संत्रा' नाही, 'संत्रं'. आणि एवढा अभिमान आहे तर हेही ऐका, संत्रं हा शब्द पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला म्हणतात. मोसंबी तर मोझांबिकवरून. तुमच्या टोपलीत मराठी काहीच नाहीये 🙂

बर्डीचा_मास्तर
आले बाप्पा पुण्याचे. सिंत्राची थिअरी जुनी आहे पण लंगडी आहे. बाबरनं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं सांगताना 'संगतरा' लिहिलाय, नारंज वेगळा लिहिलाय. बाबर वारला १५३० ला, वास्को द गामा आला १४९८ ला. तीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव उत्तरेत इतकं रुळलं की बादशाहानं देशी फळ म्हणून टिपलं? मले नाही पटत. मोसंबीचं मात्र कबूल.

पुण्याहून_बदली
बरं, संगतरा मान्य. पण मग नारंग तरी संस्कृतचा कुठंय? तमिळ-मल्याळमकडून आलाय, मल्याळममध्ये नारंगा अजून लिंबाच्या जातीला म्हणतात. सदरवाल्यांचं 'आपला' नेमकं कोणाचं?

सदरवाला
द्राविडी असू दे, मी विंध्याच्या खालीच राहतो. आणि अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, नारंग नाही, 'नागरंग' आहे! नागपूरवाल्यांनो, याच्यापेक्षा जास्त पुरावा काय पाहिजे 😄 (गंमत करून राह्यलो, नाहीतर कोणी फॉरवर्ड करून टाकेल.)
काटोलभाऊ, फळाचं तुमचं शंभर टक्के बरोबर, मी हरलो. पण मेट्रोची लाईन फळ नाही, रंग आहे. आन रंगाचं नाव इंग्रजांकडे नव्हतंच, ते पिवळा-लाल असं जोडून सांगायचे, ऑरेंज हा रंग म्हणून सोळाव्या शतकात वापरात आला, फळ पाहिल्यावर. आपल्याकडे नारंगी रंग आहेच की. लाईनला 'नारंगी' म्हणा, काकाही खूश अन शब्दही तोच.

काटोलची_बाग
नारंगी चालते. पण मंग दुसऱ्या ॲक्वा लाईनले काय म्हणता, पाणलाईन?

पुण्याहून_बदली
मोरपंखी.

काटोलची_बाग
हे जमलं पुणेकर. आंबिया बहाराचा संत्रा निघाला की या बागेत, खाऊन पाहा. फक्त संत्रं म्हणू नका तिथं, झाडं बिचकतात.