विषय: रेचा पहिला अल्बम आणि आमच्या लेकीचा करार

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवात गायलेली आमची मुलगी आठवत असेल. ती स्वतः इंग्रजी गाणी लिहिते. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने तिला तीन अल्बमचा करार पाठवलाय. आम्ही पेढे वाटले, पण ती म्हणते, "बाबा, आधी रेचं काय झालं ते वाचा." ही रे कोण? कुणाला या क्षेत्रातलं कळत असेल तर कृपया सांगा.
— हॅरोचे काका

---

काका, नमस्कार.

लेकीचं मनापासून कौतुक. तिने अगदी योग्य नाव घेतलंय.

रे म्हणजे गायिका-गीतकार रेचल कीन, दक्षिण लंडनची मुलगी. वडील इंग्लिश, आई घाना-स्वित्झर्लंडकडची. आमच्या क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकली. (ही शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही. धाकट्यासाठी लक्षात ठेवा.) २०१४ मध्ये, तुमच्या लेकीएवढी असतानाच, तिने पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीशी चार अल्बमचा करार केला. पुढची सात वर्षं ती राबली. जॅक्स जोन्स, डेव्हिड गेटा अशा डीजेंच्या डान्स गाण्यांना आवाज दिला, बियॉन्सेच्या एका गाण्याच्या लेखनात तिचा वाटा होता. पण स्वतःचा अल्बम? एकही नाही. जून २०२१ मध्ये तिने ट्विटरवर उघड लिहिलं की मला अल्बम काढूच देत नाहीत. महिन्याभरात कंपनी सुटली.

मग तिने फक्त वितरणापुरती एक कंपनी धरली आणि बाकी सगळं स्वतःच्या हातात ठेवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं तिचं गाणं टिकटॉकवर पसरलं आणि जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी तिचा पहिला अल्बम 'माय ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी ब्लूज' आला, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तो थेट दुसऱ्या क्रमांकावर.

हा अल्बम तुम्ही लेकीबरोबर बसून ऐका, पण काही गाणी जड जातील. संगीतक्षेत्रातल्या माणसाने केलेला लैंगिक अत्याचार, स्वतःच्या शरीराविषयीचा तिटकारा, व्यसन, हवामानाची धास्ती, सगळं तिने स्वतःच्या शब्दांत मांडलंय. मध्येच जॅझ, मध्येच रॅप, मध्येच नाचायला लावणारा ठेका. माझ्या मते तिची खरी ताकद या बेधडक मिसळीतच आहे. मार्च २०२४ मध्ये तिला एकाच रात्रीत सहा ब्रिट पुरस्कार (ब्रिटनचे संगीत पुरस्कार) मिळाले. तोवर कुणालाही एका रात्रीत चारच्या वर मिळाले नव्हते. आजीला हाताला धरून तिने मंचावर आणलं तेव्हा मला रडू आवरेना.

करारात अल्बम किती, याला फार महत्त्व देऊ नका. तो अमुक मुदतीत प्रसिद्ध करायला कंपनी बांधील आहे का, नाही केला तर मुलगी मोकळी होते का, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची, हे बघा.
— शनिवारच्या मराठी शाळेतली ताई

---

ताई, फार आभार. करार पुन्हा वाचला. "व्यापारी दृष्ट्या समाधानकारक वाटल्यास" प्रसिद्ध करू, असं आहे. मुदत कुठेच नाही. मुद्रणं कायमची कंपनीची. लेक गप्प बसली आहे, मलाही झोप नाही. हे दाखवायचं कुणाला?
— काका

---

काका, ते वाक्य तसंच ठेवून सही अजिबात नको. समाधान कुणाचं, तर कंपनीचंच.

तिला म्युझिशियन्स युनियनचं, म्हणजे संगीतकारांच्या संघटनेचं, सदस्य करा. ते सदस्यांना करारावर सल्ला देतात. शिवाय स्वतंत्र वकीलही हवाच, कंपनीने सुचवलेला नको. आणि गाण्याचे हक्क दोन वेगळे असतात: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्याचं मानधन पीआरएस नावाची संस्था गोळा करते, दुसऱ्याचं पीपीएल ही दुसरी संस्था. दोन्हीकडे नोंदणी कशी करायची ते मी तिला समजावून सांगेन. करार इथे सगळ्यांना पाठवू नका, मला वेगळा पाठवा.

रविवारी मी हॅरोला येतेय. तिची गाणी ऐकवायला सांगा, सगळी.
— ताई